गोव्यात फरसूट: चक्कर, धुकं आणि कुबट वास पुन्हा पुन्हा का येतो

गोव्यात फरसूट, म्हणजे प्राण्यांचे केसाळ पोशाख, घालणाऱ्यांच्या प्रत्येक मेळाव्यानंतर त्याच तीन तक्रारी कानावर येतात. पहिल्या दिवशी दुपारी अंगभर सूट घातलेलं कुणीतरी गरगरून खाली बसतं. संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या चष्म्यावर एवढं धुकं धरतं की पुढची पायरी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सूट बाहेर काढला की कुबट वास खोलीभर पसरतो, आणि तोच ओला सूट परत अंगावर चढवला जातो. मग कुणी मोठा पंखा बसवतं, कुणी अत्तर फवारतं, कुणी लिटरभर पाणी जास्त पितं. पुढच्या मेळाव्याला पुन्हा तेच.

तिन्ही त्रासांवर वेगवेगळे इलाज केले जातात, म्हणून ते हटत नाहीत. मूळ एकच आहे: सूटच्या आत अडकलेला ओलावा. तो दिवसा थोडा थोडा बाहेर निघाला पाहिजे आणि रात्री पूर्ण गेला पाहिजे. हे दोन्ही साधलं तर गोव्याच्या हवेतही दोन दिवसांचा मेळावा नीट पार पडतो. यातलं एक जरी चुकलं तरी महागडा सूटही वाचवू शकत नाही.

नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. फरसूट म्हणजे कृत्रिम केसाळ कापडाचा प्राण्याचा पोशाख. डोकं, पंजे, शेपूट एवढंच घातलं की तो पार्शल. अंग आणि पायांसकट सगळं घातलं की फुलसूट. सूटमधल्या माणसाबरोबर साध्या कपड्यांत राहून त्याला सांभाळणारा तो हँडलर. आणि डोकं काढून बसायची, कॅमेऱ्याला बंदी असलेली, पंख्यांची खोली म्हणजे हेडलेस लाउंज. अमेरिकेतल्या अँथ्रोकॉनसारख्या मोठ्या मेळाव्यांत ती असतेच. आपल्याकडच्या छोट्या मेळाव्यांत ती मागून घ्यावी लागते, आणि मागितलीच पाहिजे.

परदेशी सल्ले इथे का फसतात

सूटबद्दलचं बहुतेक मार्गदर्शन बाहेरून आलेलं आहे. अँथ्रोकॉन १९९७ साली सुरू झालं आणि २००६ पासून पिट्सबर्गमध्ये भरतं. युरोपातलं युरोफुरेन्स १९९५ पासून चालू आहे. तिथले लोक अनुभवी आहेत, त्यांचा शब्द मानावा असाच आहे. पण त्यांचा अनुभव मोठ्या वातानुकूलित सभागृहांचा आहे. त्या थंड, कोरड्या हवेत घाम वाळतो. पणजीत मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. आकडा नागपूरच्या मानाने काहीच नाही, म्हणून बाहेरून येणारे निर्धास्त असतात. पण हवेतला दमटपणा दिवसभर ७० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच राहतो, आणि खरा घात तिथेच होतो.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. नाचताना ती चौपट-पाचपट होते. ती घालवायचं शरीराचं मुख्य साधन घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाफ होऊन गेला तर तो साधारण २४०० किलोजूल उष्णता घेऊन जातो. एक किलो बर्फ वितळताना जेमतेम ३३४ किलोजूल शोषतो. म्हणजे घाम बर्फाच्या सातपट ताकदीचा आहे, पण तो उडाला तरच. जो घाम नुसता ओघळून कापडात मुरतो, तो काहीच थंडावा देत नाही. फरच्या आतली हवा थोड्याच वेळात बाष्पाने भरते, बाहेरची हवा आधीच भरलेली, आणि घामाला जायला जागाच उरत नाही. अंग ओलं होत जातं, तापत जातं, आणि आतला माणूस समजतो की एवढा घाम येतोय म्हणजे शरीर आपलं काम करतंय.

पाण्यात भिजवून घालायचे कूलिंग बनियन इथे निरुपयोगी ठरतात ते याचमुळे. अ‍ॅरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात त्यांची शिफारस होते, कारण तिथे ते पाणी उडतं. गोव्यात फरच्या आत तुम्ही फक्त आणखी अर्धा लिटर ओल नेता. त्यापेक्षा ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाची पाकिटं असलेला बनियन घ्या. त्याला हवा कोरडी असायची गरज नसते, आणि पाकिटं बर्फाच्या पाण्यात ठेवली की पुन्हा घट्ट होतात. तो परवडत नसेल तर जेलची पाकिटं पातळ कापडात गुंडाळून छातीशी आणि पाठीशी ठेवा, उघड्या त्वचेला थेट लावू नका. गोव्यात बर्फ मिळण्याची अडचण नाही, थर्माकोलचे खोकेही कुठेही मिळतात. पण खोका नवा घ्या. मासळीचा खोका कितीही धुतला तरी त्याचा वास पाकिटांना लागतो आणि पाकिटांचा सूटला.

आतून काय घालायचं? सुती बनियन नको. सुती कापड घाम पिऊन बसतं. फुटबॉल खेळणारी मुलं घालतात ते ड्रायफिट, पूर्ण बाह्यांचं आणि पूर्ण पायांचं, अंगाला चिकटून बसणारं घ्या, आणि डोक्याला तसल्याच कापडाचा बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं आणि मान झाकणारी घट्ट टोपी. दिवसाला दोन जोड हवेत. मधल्या विश्रांतीत ओला जोड काढून सुका घातला की पुढचा फेरा निम्मा सोपा होतो. पैसे जपून खर्च करायचे असतील तर सगळ्यात आधी हे घ्या, पंखा नंतर.

वेळ कोण मोजणार

चक्कर थांबवायचा खरा उपाय एकच आहे आणि तो कुणाला आवडत नाही: बाहेर पडण्याआधी वेळ ठरवायची, आणि ती सूटमधल्या माणसाने नाही, हँडलरने मोजायची. तापलेला मेंदू स्वतःच्या अवस्थेचा अंदाज घ्यायला सगळ्यात नालायक असतो. मुलं फोटो काढतायत, लोक टाळ्या वाजवतायत, अशा वेळी "अजून पाच मिनिटं" असंच वाटणार.

मी पाळतो तो हिशोब असा. उघड्यावर, ऊन नसताना, फुलसूटमध्ये २० मिनिटं, आणि मग तेवढीच किंवा जास्त विश्रांती, डोकं आणि पंजे काढून. एसी हॉलमध्ये चालणं-फोटो असेल तर अर्धा-पाऊण तास. नाच असेल तर एसीतही २० मिनिटंच. दुपारी बारा ते चार उघड्यावर फुलसूट नाहीच, पार्शल घालून सावलीत उभं राहा. डिसेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात सुसह्य काळ, पण दुपारचं ऊन तेव्हाही कडक असतं. आणि ज्याने वर्षभर एसी ऑफिसात बसून काढलंय त्याने निदान आठवडाभर आधी रोज संध्याकाळी उकाड्यात भरभर चालायला सुरुवात करावी. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, ती आदल्या रात्री होत नाही.

पाणी तहान लागायच्या आधी, घोट घोट, नळीने. नुसतं पाणी लिटरच्या लिटर प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तीही एक वेगळी चक्कर असते, म्हणून मध्ये मध्ये ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, बहुतेक पाकिटं एक लिटरची असतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ घातलेलं कोकम सरबत चालतं, शहाळंही चालतं, पण शहाळ्यात मीठ कमी असतं, ते ओआरएसची जागा घेत नाही. आदल्या रात्रीची बिअर टाळा. गोव्यात आलोय म्हणून रात्री प्यायची आणि सकाळी सूट चढवायचा, यातून झालेले त्रास मी पुष्कळ पाहिलेत. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा सर्दीची काही औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण त्यांच्यामुळे उष्णतेचा धोका वाढतो.

एक साधी चाचणी सांगतो. सूट घालायच्या आधी आणि काढल्यावर, कमीत कमी कपड्यांत, वजन करा. घटलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली असेल, म्हणजे साठ किलोच्या माणसाची सव्वा किलोच्या आसपास, तर त्या दिवशी परत सूट चढवू नका. हा आकडा डोळ्यांसमोर आला की वाद मिटतो.

हँडलरने काय बघायचं

सूटमधला माणूस सहसा बोलत नाही, काही जण तर पात्र मोडू नये म्हणून अजिबात बोलत नाहीत. त्यामुळे जीभ जड झाली, शब्द अडखळले, ही धोक्याची खूण बाहेर कळतच नाही. म्हणून दर पाच मिनिटांनी साधी आज्ञा द्या. "डावा हात वर कर." "दोन पावलं मागे ये." ऐकून, समजून, बरोबर केलं तर ठीक. उजवा हात वर गेला, उशीर लागला, नुसतीच मान हलली, तर तिथून निघा. चर्चा नाही.

खुणा आधी ठरवा आणि त्या पंज्यांनी जमतील अशा ठेवा. जाड बोटांनी अंगठा दाखवता येत नाही. छातीवर दोनदा थाप म्हणजे पाणी. दोन्ही हात समोर आडवे, फुलीसारखे, म्हणजे मला आत्ता बाहेर काढ. ही दुसरी खूण दिसली की हँडलरने कुणाचीही परवानगी न मागता, कोपराला धरून, गर्दीतून वाट काढायची. फोटोच्या रांगेतल्या लोकांना एकच वाक्य पुरतं, "याला विश्रांती हवी, पंधरा मिनिटांनी भेटू." गोव्यातले लोक समजून घेतात.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, गरगरणं इथपर्यंत शरीर इशारा देतंय. लगेच सावलीत किंवा एसीत न्या. आधी डोकं काढा, मग पंजे, मग चेन उघडा. आडवं झोपवून पाय थोडे वर ठेवा, मान, काखा, जांघा यांवर ओली फडकी ठेवून वारा घाला. शुद्धीत असेल तर ओआरएसचे घोट द्या. पण बोलणं असंबद्ध झालं, ओळख पटेना, झटके आले, शुद्ध गेली, तर तो उष्माघात आहे. अंगाचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं आणि प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका, अंगावर पाणी ओता, बर्फ लावा, पंखा लावा. तोंडाने काहीही पाजू नका. तापाची गोळी देऊ नका, या तापावर तिचा उपयोग होत नाही. चेन अडकली तर सूट कापा. हँडलरच्या पिशवीत कात्री असलीच पाहिजे आणि ती वापरायची परवानगी सूटच्या मालकाने आधीच दिलेली असली पाहिजे. फर पुन्हा शिवता येते.

आणि हो, "लोकांसमोर डोकं काढायचं नाही" हा आपला जुना संकेत आहे. मुलांसाठी तो प्राणी खरा राहावा म्हणून तो मलाही प्रिय आहे. पण जीव घाबरा झाला की तो संकेत तिथल्या तिथे संपला. डोकं काढलेल्या माणसाकडे बघून हसणाऱ्याला आणि त्याचा फोटो काढणाऱ्याला मात्र आपण सगळ्यांनी मिळून थांबवलं पाहिजे. गोवा लहान आहे. इथे चेहरा दिसला की संध्याकाळपर्यंत आडनाव, वाडा आणि मामाचं घर कळतं. कुणी आपला छंद घरी सांगितलेला नसेल तर तो सांगायचा अधिकार फक्त त्याचा आहे.

गर्दीत वागायची रीत

सूटमधून समोरचं थोडंसं दिसतं. खालचं, बाजूचं, मागचं नाही. त्यामुळे कमरेखाली येणारं लहान मूल त्या माणसाला दिसतच नाही, आणि मागून घातलेली मिठी त्याला धक्काच वाटते. समोरून या, हात हलवा, त्याने हात पसरले तरच मिठी मारा. शेपूट ओढू नका, ती बहुतेक वेळा कमरेच्या पट्ट्याला बांधलेली असते आणि ओढली की माणूस तोल जाऊन पडतो. डोळ्यांच्या जाळीत बोट घालू नका. हे सगळं लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगायचं काम हँडलरचं, आणि गोड शब्दांत.

लहान मुलांशी वागताना सूटवाल्याने गुडघ्यावर बसावं, हात सगळ्यांना दिसतील असे ठेवावेत, आणि मूल रडलं तर हसवायच्या नादाला न लागता मागे सरावं. आई-बाप शेजारी असल्याशिवाय कुणाच्या मुलाला उचलू नये. ही गोष्ट मी सगळ्यात कडकपणे पाळतो.

कार्निव्हलच्या दिवसांत रस्त्यावर सूट घालायचा मोह होतो. कार्निव्हलचा राजा किंग मोमो याची मिरवणूक, रंगीत चित्ररथ, सगळे वेशात, आपण त्यात खपून जाऊ असं वाटतं. पण त्या मिरवणुकीत चित्ररथ आणि पथकं नोंदणी करून उतरतात. आपण मध्ये घुसलो तर त्यांची चाल बिघडते आणि पोलिसांना त्रास होतो. नोंदणी करा, नाहीतर कडेला उभं राहून मजा घ्या. शिगमोत्सवाचं तर वेगळंच आहे. रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, आणि घोडेमोडणीचा नाच यांच्यामागे देवाचं कार्य असतं, तिथे केसाळ लांडगा होऊन नाचायला जाऊ नये. बघायला मात्र जरूर जावं, खास करून घोडेमोडणी. कमरेला लाकडी घोड्याचा सांगाडा, हातात तलवार, डोक्याला फुलांची सजावट, आणि चेहरा सताड उघडा. घोडा कमरेवर, श्वास मोकळा. आपल्या हवेत प्राण्याचं सोंग कसं उभं करावं हे डिचोली-पेडण्याच्या माणसांनी केव्हाच सोडवलेलं आहे. नवा सूट करून घेणाऱ्यांनी त्यातून धडा घ्यावा: तोंड रुंद उघडं ठेवा, मानेखाली जाळीचं अस्तर घाला, गरज नसेल तिथे फोमचे गादले भरू नका.

देवळात आणि चर्चमध्ये सूट नको. एटीएम, बँक, दागिन्यांचं दुकान, तिथे चेहरा झाकून शिरू नका, डोकं हातात घेऊन जा. फिरत्या जिन्यावर पायाचे मोठे पंजे घालून चढू नका. भटकी कुत्री सूट बघून बिथरतात, पळू नका, हँडलरला मध्ये घ्या आणि हळू मागे या. किनाऱ्यावर फोटो हवाच असेल तर वाळूला न टेकता, पार्शलमध्ये, काही मिनिटांत आटपा. कारण पुढे येतं.

धुकं

हे सोपं आहे. सूटचे डोळे जाळीचे असले तर धुकं चष्म्यावर धरतं, त्या डोळ्यांवर नाही. शक्य असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स लावा. नसेल तर काचांवर भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब बोटाने पसरून कोरड्या फडक्याने पुसा, आणि नाकाशी बालाक्लाव्हा घट्ट बसवा म्हणजे श्वास वर चढणार नाही. डोक्यातला पंखा आत हवा फेकणारा न ठेवता बाहेर खेचणारा ठेवा, प्राण्याच्या पुढे आलेल्या तोंडातून किंवा कानाच्या बुडातून. आत फेकला की तो श्वासातली वाफच तुमच्या तोंडावर परत मारतो. पॉवर बँक डोक्यात ठेवू नका, घामाने भिजते. वायर खाली आणून कमरेच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. विमानाने येणाऱ्यांनो, पॉवर बँक हातातल्या सामानातच. आणि शक्य असेल तर सूटचं डोकंही तिथेच.

रात्रीचं काम: वास इथेच ठरतो

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. रात्री अकराला हॉटेलवर परत, सूट खुर्चीवर टाकला, पंखा लावला, झोपलो. सकाळी हाताला कोरडा लागतो. दुपारपर्यंत पुन्हा दमट. लोक म्हणतात, काल वाळलाच नव्हता. बऱ्याचदा तो वाळलेला असतो, आणि तरीही पुन्हा ओला होतो.

कारण मीठ. घामातलं पाणी गेलं तरी मीठ अस्तरात आणि फोममध्ये राहतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाणावते ना, तेच तुमच्या सूटच्या काखेत होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते याहून कोरड्या हवेतही पाणी ओढतात. किनाऱ्यावर सूट नेऊ नका म्हटलं ते यासाठी. खाऱ्या वाऱ्यात आणि वाळूत तासभर वावरलेला सूट धुतल्याशिवाय नीट वाळतच नाही. आणि जिथे ओल टिकली तिथे जंतू आणि बुरशी दोन-एक दिवसांत घर करतात.

म्हणून वाळवण्याआधी मीठ काढा. बालाक्लाव्हा, आतले कपडे, सुटणारं अस्तर रोज रात्री हाताने धुवा. जे सुटत नाही तिथे, काखा, पाठ, जांघा, हनुवटी, कपाळ, सूट उलटा करून गोड्या पाण्याचा फवारा मारा आणि जाड टॉवेल दाबून पाणी टिपून घ्या. घासायचं नाही, दाबायचं. हे दोन-तीनदा करा. पाणी कुठलं हेही बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने धुवून मीठ जात नाही. शंका असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा.

त्यानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा, फक्त अस्तरावर. आधी धुणं, मग अल्कोहोल, हा क्रम उलटा केला तर घाम तसाच राहतो. खिडकी उघडी, सिगारेट-अगरबत्ती बंद, पंख्याची बॅटरी काढलेली. अ‍ॅक्रिलिकच्या डोळ्यांवर अल्कोहोल लागू देऊ नका, बारीक तडे जातात. नाटकाच्या कपडेपटात व्होडका फवारायची रीत आहे, अडल्यावेळी तीही चालते. फेणी मात्र नको, तिचा स्वतःचा वासच अस्तरात राहतो. अत्तर आणि डिओ यांचा काही उपयोग नाही, वासावर वास चढतो एवढंच.

मग वाळवणं. बाल्कनीत नाही, तिथे रात्री दव आणि खारा वारा. न्हाणीघरात तर नाहीच. खोलीचा एसी ड्राय मोडवर, दारं-खिडक्या बंद, सूट उलटा करून रुंद खांद्याच्या हँगरवर, आणि पंखा थेट त्याच्यावर. डोकं मान वर येईल असं उपडं ठेवून दुसरा छोटा पंखा मानेच्या भोकातून आत हवा मारेल असा लावा. पायांच्या पंज्यांत वर्तमानपत्राचे बोळे, झोपायच्या आधी एकदा बदललेले. हेअर ड्रायर वापरायचाच असेल तर गार हवेवर. ही फर अ‍ॅक्रिलिकची असते, गरम हवेने टोकं वितळून कुरळी होतात आणि ती कधीच सरळ होत नाहीत.

वाळला की नाही हे हाताला कळत नाही. सामान मोजायचा हुकाचा वजनकाटा घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. घरी सूट खडखडीत वाळलेला असताना त्याचं वजन करून लिहून ठेवा. सकाळी पुन्हा तोला. तीनशे ग्रॅम जास्त भरला तर तीनशे मिलिलिटर पाणी अजून आत आहे. मग पंखा चालू राहू दे आणि सकाळचा फेरा पार्शलमध्ये करा. ओला फुलसूट चढवणं म्हणजे पहिल्या मिनिटापासून घामाची वाट बंद करून निघणं, आणि दुसऱ्या दिवशीची चक्कर तिथूनच येते.

मेळावा संपल्यावर

परतीला सूट गाडीच्या डिकीत टाकून वाटेत जेवायला थांबू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत पारा ६० च्या घरात जाऊ शकतो. पीएलए प्लॅस्टिकने थ्रीडी प्रिंट केलेला जबडा त्याच तापमानाला मऊ पडतो, आणि ग्लू गनचा स्वस्त डिंकही सैल होतो. नवं डोकं करून घेताना कारागिराला सांगा, पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लॅस्टिक वापर आणि जोड शिवून घे.

घरी एकदा पूर्ण धुवा. गार पाणी, सौम्य साबण, टबमध्ये बुडवून, भरपूर पाण्याने खळबळून, मशीनमध्ये फक्त स्पिन. जून ते सप्टेंबर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका. सुती खोळीत, भिंतीपासून दूर, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारी सिलिका घेत असाल तर नारिंगी घ्या. निळ्या रंगाच्या सिलिकेत कोबाल्टचं विषारी संयुग असतं. पुड्या पाणी पिऊन भरतात, त्या दर काही आठवड्यांनी ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. कापडाची पुडी ते तापमान सोसणारी आहे ना ते मात्र आधी बघा. त्याच दिवशी सूट बाहेर काढून एसीत तासभर टांगा आणि काट्यावर तोला.

हे सगळं करूनही वास येतच असेल तर फर आणि अस्तर सोडून फोमकडे बघा. डोक्यात आणि पायांच्या गादल्यांत सोफ्याचा सच्छिद्र फोम असतो. वर्षानुवर्षांचा घाम त्याच्या पोटात गेलेला असतो आणि फवारा तिथवर पोचत नाही. एक तुकडा कापून पाण्यात पिळा. पाणी गढूळ निघालं, किंवा फोम पिवळा पडून बोटाला भुगा लागत असेल, तर तो फोम संपलाय. मडगाव-म्हापशाला सोफे भरणाऱ्यांकडे नवा मिळतो. मांड्यांचे गादले शिवून बंद केलेले असतील तर शिवण उसवा आणि नव्याला चेन लावून घ्या, म्हणजे पुढे ते काढून धुता येतील. डोक्यात मात्र जिथे कपाळ आणि हनुवटी टेकते तेवढाच फोम काढून तिथे बंद पेशींचा, म्हणजे पाणी आत न शिरू देणारा, ईव्हीए फोम लावा आणि वर सुटणारं अस्तर. ईव्हीए घाम पीत नाही, ओल्या फडक्याने पुसला की झालं.